वाइल्ड रोझ (चित्रपट)

वाइल्ड रोझ हा २०१८ सालचा इंग्रजी भाषेतील ब्रिटिश संगीतप्रधान नाट्यपट आहे. त्याचे दिग्दर्शन टॉम हार्पर यांनी केले असून पटकथा निकोल टेलर यांची आहे. जेसी बकली, जुली वॉल्टर्स आणि सोफी ओकोनेडो यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात राहणारी, नुकतीच तुरुंगातून सुटलेली आणि दोन मुलांची आई असलेली रोझ-लिन हार्लन ही तरुणी कंट्री संगीतातील तारका होण्यासाठी अमेरिकेतील नॅशव्हिल शहर गाठण्याचा ध्यास घेते, अशी या चित्रपटाची कथा आहे.

चित्रपट ८ सप्टेंबर २०१८ रोजी टोरोंटो आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात प्रथम दाखवण्यात आला आणि १२ एप्रिल २०१९ रोजी ब्रिटनमध्ये प्रदर्शित झाला. मोठ्या हॉलिवूड स्टुडिओच्या भांडवलाशिवाय, मुख्यतः सार्वजनिक निधीच्या आधारावर तयार झालेल्या या चित्रपटातील अभिनय आणि गायन या दोन्हींसाठी बकली यांची विशेष प्रशंसा झाली. प्रसिद्धीच्या शिखरावर पोहोचलेल्या गायिकेची यशोगाथा सांगण्याऐवजी कलेची ओढ, मातृत्वाची जबाबदारी आणि आर्थिक परिस्थिती यांच्या ताणात सापडलेल्या एका स्त्रीला स्वतःचा आवाज कसा सापडतो, हे दाखवणे हा या चित्रपटाचा मुख्य विषय आहे.

पार्श्वभूमी

कंट्री संगीत हा अमेरिकेच्या दक्षिण भागात, विशेषतः अ‍ॅपलाचियन डोंगराळ प्रदेशात रुजलेला लोकप्रिय संगीतप्रकार आहे. गिटार, बँजो, फिडल आणि पेडल स्टील गिटार ही त्यातील प्रमुख वाद्ये होत. साधी चाल, सरळ शब्दांत सांगितलेली गोष्ट आणि कष्टकरी माणसाच्या आयुष्यातील प्रेम, विरह, दारू, तुरुंग, देव, घर असे विषय ही या संगीताची ओळख मानली जाते. त्याच्या मुळाशी असलेल्या अनेक धारांपैकी एक धारा अठराव्या शतकात स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमधून अमेरिकेत गेलेल्या स्थलांतरितांनी सोबत नेलेल्या कथागीतांची आणि फिडलवादनाची आहे. आफ्रिकी-अमेरिकी लोकांच्या संगीताचाही त्याच्या घडणीत मोठा वाटा आहे. बँजो या वाद्याचा उगमच आफ्रिकी परंपरेत आहे.

टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहर या संगीताचे केंद्र मानले जाते. तेथे १९२५ साली सुरू झालेला ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा नभोवाणीवरील कार्यक्रम कंट्री गायकांसाठी सर्वाधिक प्रतिष्ठेचा ठरला. १९४३ ते १९७४ या काळात हा कार्यक्रम शहरातील रायमन ऑडिटोरियम या सभागृहातून सादर होत असे. १८९२ साली धार्मिक सभांसाठी खुल्या झालेल्या या वास्तूला तिच्या मूळ वापरामुळे आणि पुढील सांगीतिक इतिहासामुळे कंट्री संगीताचे मंदिर म्हटले जाते. वाइल्ड रोझमधील एक महत्त्वाचा प्रसंग याच सभागृहात घडतो.

ग्लासगो हे जहाजबांधणी आणि अवजड उद्योगांसाठी ओळखले जाणारे शहर आहे. तेथील कामगारवर्गात कंट्री संगीताला दीर्घकाळ चाहते लाभले आहेत. ऑप्रीचा कार्यक्रम रायमनमधून नव्या वास्तूत गेला त्याच वर्षी, म्हणजे १९७४ मध्ये, ग्लासगोच्या गोवन रोडवर ‘ग्लासगोज ग्रँड ओल ऑप्री’ या नावाचा क्लब सुरू झाला. काउबॉय टोप आणि बूट घालून येणारे शहरवासी, वाद्यवृंद आणि सामूहिक नृत्य यांसाठी तो प्रसिद्ध आहे. चित्रपटाची नायिका याच क्लबच्या रंगमंचावर गाणारी आहे. त्यामुळे ग्लासगोची मुलगी आणि कंट्री संगीत ही जोडी प्रथमदर्शनी विजोड वाटली, तरी ती शहराच्या प्रत्यक्ष सांस्कृतिक जीवनातूनच आलेली आहे.

कथानक

तेवीस वर्षांची रोझ-लिन हार्लन एका वर्षाची शिक्षा भोगून तुरुंगातून बाहेर पडते. तुरुंगाच्या भिंतीवरून हेरॉइनचे पाकीट आत फेकल्याबद्दल तिला ही शिक्षा झालेली असते. सुटका झाली तरी तिच्या पायाच्या घोट्यावर इलेक्ट्रॉनिक पट्टी बांधलेली असते आणि संध्याकाळनंतर घराबाहेर राहण्यास तिला मनाई असते. झालरीचे पांढरे जाकीट आणि पांढरे काउबॉय बूट घालून ती घराकडे निघते, पण सर्वप्रथम प्रियकराला गाठते आणि त्यानंतरच आपल्या मुलांकडे जाते.

वायनोना आणि लाइल या तिच्या दोन मुलांचा सांभाळ वर्षभर तिची आई मॅरियन हिने केलेला असतो. मुले आईला जवळजवळ परकी झालेली असतात. थोरली वायनोना तर तिच्याशी बोलण्याचेही टाळते. मॅरियन बेकरीत नोकरी करणारी, संयमी पण करारी स्त्री आहे. मुलीने गाण्याचे वेड सोडून मुलांकडे लक्ष द्यावे, एवढीच तिची अपेक्षा असते. दुसरीकडे रात्री घराबाहेर राहण्यास बंदी असल्यामुळे आणि तिच्या जागी दुसरी व्यवस्था झाल्यामुळे रोझ-लिनला क्लबमधील आपले पूर्वीचे कामही परत मिळत नाही.

उदरनिर्वाहासाठी ती शहरातील एका सधन कुटुंबात साफसफाईचे काम धरते. घरात कोणी नाही असे समजून, कानाला हेडफोन लावून ती व्हॅक्यूम क्लीनर फिरवत गात असते. तिच्या कल्पनेतले वादक त्या आलिशान घराच्या खोल्याखोल्यांतून तिला साथ करत आहेत, असे प्रेक्षकांना दिसते. घराची मालकीण सुझाना हिच्या मुलांच्या कानावर हे गाणे पडते आणि सुझानालाही तिच्या आवाजाचे कौतुक वाटते. रोझ-लिन तिला नॅशव्हिलच्या स्वप्नाविषयी सांगते, मात्र आपल्याला मुले आहेत आणि आपण तुरुंगात होतो या दोन्ही गोष्टी दडवून ठेवते.

सुझाना तिच्या गाण्याची ध्वनिचित्रफीत बनवून बीबीसी नभोवाणीचे निवेदक बॉब हॅरिस यांना पाठवते. हॅरिस तिला लंडनला भेटीस बोलावतात. रात्रीच्या बंदीची अडचण वकिलाच्या मदतीने न्यायालयात दूर होते. लंडनच्या प्रवासात मद्यपान आणि बेफिकिरी यांमुळे तिचे सामान हरवते, तरीही ती बीबीसीच्या इमारतीत पोहोचते. हॅरिस तिच्या आवाजाची वाखाणणी करतात, पण तिला स्वतःला काय सांगायचे आहे आणि ती स्वतःची गाणी लिहिते का, असा प्रश्नही विचारतात. या प्रश्नाचे उत्तर तिच्याजवळ नसते.

दरम्यान सुझाना आपल्या वाढदिवसाच्या समारंभात रोझ-लिनचे गाणे ठेवते. पाहुण्यांनी भेटवस्तूंऐवजी तिच्या नॅशव्हिलच्या प्रवासासाठी पैसे द्यावेत, अशी योजना ती आखते. सुझानाचा नवरा सॅम याला रोझ-लिनचा गुन्हेगारी पूर्वेतिहास कळतो. कार्यक्रम पार पडल्यावर तिने आपल्या कुटुंबापासून दूर व्हावे, असे तो तिला बजावतो. तालमींसाठी वेळ काढताना रोझ-लिन मुलांना कधी शेजाऱ्यांकडे, कधी ओळखीच्यांकडे सोपवत राहते आणि त्यांना दिलेली सहलीची वचने मोडते. समारंभाच्या सुमारास लाइल जखमी होतो आणि त्याला रुग्णालयात न्यावे लागते. रोझ-लिन तशाही अवस्थेत समारंभाला पोहोचते, पण रंगमंचावर गाणे पूर्ण करू शकत नाही. ती सुझानाला सर्व सत्य सांगते आणि निघून जाते.

यानंतर ती गाण्याचा विचार बाजूला सारून मुलांच्या संगोपनात गुंतते. घराला स्थैर्य येते, मुलांशी नाते जुळते. पण मुलीच्या डोळ्यांतील विझलेपण मॅरियनच्या नजरेतून सुटत नाही. आपल्याला तिने जबाबदारी घ्यावी असे वाटत होते, तिची उमेद हिरावून घ्यायची नव्हती, असे सांगून ती आपली शिल्लक मुलीच्या हाती ठेवते आणि तिला नॅशव्हिलला पाठवते.

नॅशव्हिलमध्ये रोझ-लिनला तिच्यासारखेच असंख्य गायक दिसतात. प्रत्येक मद्यगृहात कोणी ना कोणी गात असते आणि प्रत्येक जण संधीच्या शोधात असतो. पर्यटकांच्या गटाबरोबर रायमन ऑडिटोरियम पाहत असताना ती गटापासून वेगळी होते, रिकाम्या सभागृहाच्या रंगमंचावर उभी राहते आणि कोणत्याही साथीशिवाय गाते. हे गाणे कानी पडलेला एक जण तिला मदत करण्याची तयारी दाखवतो. मात्र ज्या क्षणासाठी तिने आयुष्यभर आटापिटा केला तो क्षण हाती आला असता ती ग्लासगोला परतण्याचा निर्णय घेते. एक वर्षानंतर ग्लासगोच्या रंगमंचावर ती स्वतःचे गाणे सादर करते. श्रोत्यांत तिची आई, मुले आणि सुझाना असतात.

पात्रे आणि कलाकार

रोझ-लिन हार्लन – जेसी बकली. आयर्लंडमधील किलार्नी येथील बकली यांनी २००८ साली बीबीसीच्या ‘आय’ड डू एनिथिंग’ या स्पर्धात्मक कार्यक्रमात दुसरा क्रमांक मिळवला होता. ‘बीस्ट’ (२०१७) या चित्रपटातील भूमिकेमुळे त्यांचे नाव समीक्षकांपर्यंत पोहोचले. वाइल्ड रोझमध्ये त्यांनी ग्लासगोची बोली आत्मसात केली असून सर्व गाणी स्वतः गायली आहेत. उतावीळ, खोटे बोलणारी, हसरी, हट्टी आणि तरीही प्रेक्षकाची सहानुभूती न गमावणारी अशी ही नायिका आहे.

मॅरियन – जुली वॉल्टर्स. ‘एज्युकेटिंग रीटा’ आणि ‘बिली एलियट’ या चित्रपटांसाठी प्रसिद्ध असलेल्या वॉल्टर्स यांनी नायिकेच्या आईची भूमिका केली आहे. कमी बोलणाऱ्या या पात्राचे मनपरिवर्तन कथेच्या उत्तरार्धाला दिशा देते.

सुझाना – सोफी ओकोनेडो. ‘होटेल रवांडा’ या चित्रपटासाठी ऑस्कर नामांकन मिळवलेल्या ओकोनेडो यांनी सधन, मनमोकळ्या आणि मदतीस उत्सुक असलेल्या घरमालकिणीची भूमिका केली आहे.

सॅम – जेमी सायव्ह्स. सुझानाचा नवरा.

एलियट – जेम्स हार्कनेस. रोझ-लिनचा प्रियकर.

सत्तरच्या दशकातील ‘द ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमामुळे ब्रिटनमध्ये घरोघरी पोहोचलेले आणि पुढे बीबीसी रेडिओ २ वरून कंट्री संगीताचा कार्यक्रम सादर करणारे बॉब हॅरिस चित्रपटात स्वतःच्याच रूपात दिसतात. अमेरिकी कंट्री गायिका केसी मस्ग्रेव्ह्स यांचेही छोटेसे दर्शन घडते.

निर्मिती

पटकथाकार निकोल टेलर या मूळच्या ग्लासगोच्या असून किशोरवयापासून कंट्री संगीताच्या चाहत्या आहेत. इंग्लंडमधील रॉचडेल येथील लैंगिक शोषण प्रकरणावर आधारित ‘थ्री गर्ल्स’ (२०१७) या बीबीसीच्या मालिकेच्या लेखनामुळे त्यांना मान्यता मिळाली होती. दुर्लक्षित, उपेक्षित आणि सहज दोषी ठरवल्या जाणाऱ्या तरुण मुलींकडे पूर्वग्रहाशिवाय पाहण्याची त्या मालिकेतील दृष्टी वाइल्ड रोझमध्येही आढळते, मात्र येथे तिला विनोदाची आणि संगीताची जोड मिळाली आहे.

दिग्दर्शक टॉम हार्पर यांनी त्यापूर्वी बीबीसीसाठी लिओ टॉल्स्टॉय यांच्या कादंबरीवर आधारित ‘वॉर अँड पीस’ (२०१६) ही मालिका दिग्दर्शित केली होती. त्या मालिकेत जेसी बकली यांनी मार्या बोल्कोन्स्काया ही भूमिका केली होती. या पूर्वपरिचयामुळे वाइल्ड रोझच्या नायिकेसाठी त्यांचे नाव पुढे आले. छायालेखक जॉर्ज स्टील आणि संकलक मार्क एकर्सली हेही हार्पर यांचे नेहमीचे सहकारी आहेत.

चित्रपटाची निर्मिती फे वॉर्ड यांनी फेबल पिक्चर्स या संस्थेतर्फे केली. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट, फिल्म४ आणि क्रिएटिव्ह स्कॉटलंड यांचे अर्थसाहाय्य तिला लाभले. अशा निधीवर उभ्या राहणाऱ्या ब्रिटिश चित्रपटांना सामान्यतः मर्यादित साधनांत काम भागवावे लागते. वाइल्ड रोझमध्ये या मर्यादेचा परिणाम दृश्यरचनेवरही जाणवतो. भव्य मैफली आणि हजारोंचे जनसमुदाय येथे फारसे नाहीत. त्यांच्याऐवजी सरकारी वसाहतीतील घर, बसचा प्रवास, स्वयंपाकघर, क्लबचे छोटे व्यासपीठ आणि रिकामे रायमन सभागृह अशा जागांतून संगीत ऐकू येते. चित्रपटाचा कालावधी सुमारे १०१ मिनिटांचा आहे.

संगीत

चित्रपटाचे पार्श्वसंगीत जॅक अर्नोल्ड यांनी दिले. गाण्यांमध्ये दोन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात इतरांनी आधी गायलेली गाणी येतात. त्यांत क्रिस स्टेपलटन यांचे ‘आउटलॉ स्टेट ऑफ माइंड’, वायनोना जड यांनी गायिलेले ‘पीस इन धिस हाउस’ आणि स्कॉटलंडच्याच प्रायमल स्क्रीम या वाद्यवृंदाचे ‘कंट्री गर्ल’ यांचा समावेश आहे. दुसऱ्या प्रकारात चित्रपटासाठी नव्याने रचलेली गाणी येतात. यांपैकी काही गाण्यांच्या लेखनात बकली आणि टेलर यांचाही सहभाग होता.

ही विभागणी कथेच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. चित्रपटाच्या मोठ्या भागात रोझ-लिन दुसऱ्यांची गाणी गाते. ती ती उत्कृष्ट गाते, परंतु त्यांतील दुःख, रस्ते आणि गावे तिची नाहीत. बॉब हॅरिस यांचा प्रश्न नेमका या ठिकाणी बोट ठेवतो. शेवटचे गाणे मात्र ती स्वतःचे म्हणून सादर करते आणि त्याचा विषय तिचे स्वतःचे शहर हा आहे.

‘ग्लासगो (नो प्लेस लाइक होम)’ हे शेवटचे गाणे अभिनेत्री मेरी स्टीनबर्जन यांनी केटलिन स्मिथ आणि केट यॉर्क यांच्यासह लिहिले. ‘मेल्विन अँड हॉवर्ड’ (१९८०) या चित्रपटासाठी ऑस्कर मिळवलेल्या स्टीनबर्जन २००७ साली झालेल्या हाताच्या किरकोळ शस्त्रक्रियेनंतर गीतलेखनाकडे वळल्या. भूल दिल्यानंतरच्या काळात डोक्यात सतत संगीत वाजत असल्याचा अनुभव आला आणि त्यातूनच आपण गाणी रचायला शिकलो, असे त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे. ग्लासगोच्या मुलीने स्वतःच्या गावाविषयी लिहिलेले वाटणारे हे गाणे प्रत्यक्षात अमेरिकी गीतकारांनी लिहिलेले आहे.

गाण्यांचा अल्बम आयलंड रेकॉर्ड्सने प्रकाशित केला आणि तो ब्रिटनमधील कंट्री अल्बमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. चित्रपटाच्या प्रदर्शनानंतर बकली यांनी ही गाणी प्रत्यक्ष मैफलींतही सादर केली. २०१९ सालच्या ग्लास्टनबरी महोत्सवात झालेले सादरीकरण त्यांपैकी एक होय.

आशय

अमेरिकी गीतकार हार्लन हॉवर्ड यांनी कंट्री संगीताची व्याख्या ‘तीन कॉर्ड आणि सत्य’ अशी केल्याचे सांगितले जाते. रोझ-लिनच्या हातावर हेच शब्द गोंदलेले आहेत आणि तिचे आडनावही हार्लन आहे. चित्रपटाचा विरोधाभास येथूनच सुरू होतो. सत्य हे ब्रीद अंगावर मिरवणारी ही तरुणी जवळजवळ प्रत्येक नात्यात असत्याचा आधार घेते. मुलांना ती खोटी आश्वासने देते, आईपासून आपले बेत लपवते आणि सुझानापासून स्वतःचे अर्धे आयुष्य दडवते. तीन कॉर्ड तिला आरंभापासून येतात, सत्याशी तिची गाठ मात्र शेवटी पडते.

मातृत्व आणि महत्त्वाकांक्षा यांचा संघर्ष हे दुसरे प्रमुख आशयसूत्र आहे. कलेसाठी कुटुंबाकडे पाठ फिरवणारा पुरुष हा कंट्री गाण्यांतील परिचित नायक आहे. त्याची भटकंती आणि तुरुंगवास यांना त्या परंपरेत एक वलय लाभलेले असते. तेच वर्तन एखाद्या तरुण आईने केले तर तिच्याकडे कसे पाहिले जाते, हा प्रश्न चित्रपट उपस्थित करतो. तो नायिकेला निर्दोष ठरवत नाही. मोडलेल्या वचनांनंतरचे मुलांचे चेहरे तो पुन्हा पुन्हा दाखवतो. त्याच वेळी सर्वस्व सोडून देणे हाही उपाय नसल्याचे तो मॅरियनच्या निर्णयातून सुचवतो. मॅरियनची शिल्लक बेकरीतील वर्षानुवर्षांच्या नोकरीतून जमलेली असते, त्यामुळे मुलीच्या स्वप्नाची किंमत कोण मोजते, हेही त्यातून स्पष्ट होते.

तिसरे सूत्र सामाजिक वर्गाचे आहे. सुझानाची मदत मनापासूनची असली तरी इच्छा धरली की वाट सापडते, हा तिचा विश्वास तिच्या सुस्थितीतून आलेला आहे. घरात मुलांना सांभाळायला कोणी नसणे, पायाला बांधलेली पट्टी, नोकरी गमावण्याची भीती या अडचणी तिला दिसत नाहीत, कारण रोझ-लिन त्या दिसू देत नाही. सत्य सांगितले तर संधी जाईल, या धास्तीमागे केवळ स्वभावदोष नसून परिस्थितीचा अनुभवही आहे. सॅमच्या प्रतिक्रियेने ही धास्ती अगदीच निराधार नव्हती, असे दिसून येते.

स्थळ आणि अस्सलपणा यांचा प्रश्न या सर्वांना जोडतो. आपण चुकीच्या ठिकाणी जन्मलो, अशी रोझ-लिनची भावना असते. ‘कंट्री अँड वेस्टर्न’ असे कोणी म्हटले की ती लगेच ‘कंट्री’ असे दुरुस्त करते. या दुरुस्तीत तिची निष्ठा आहे तशी परकेपणाची बोचही आहे. नॅशव्हिलला पोहोचल्यावर तिला उमगते की तेथे जाणे म्हणजे अस्सल होणे नव्हे. आपल्या माणसांची, आपल्या रस्त्यांची आणि आपल्या चुकांची गोष्ट सांगणे हे त्या संगीताचे मर्म असेल, तर तिची सामग्री ग्लासगोतच आहे. परतण्याचा निर्णय म्हणूनच माघार ठरत नाही, कारण ती गाणे सोडून परतत नाही, गाण्यासाठी परतते.

कंट्री गायिकांवरील इतर चित्रपट

कंट्री गायिकेच्या जीवनावर आधारित चित्रपटांची अमेरिकेत जुनी परंपरा आहे. लोरेटा लिन यांच्या आयुष्यावरील ‘कोल मायनर्स डॉटर’ (१९८०) हा त्यांतील सर्वाधिक प्रसिद्ध चित्रपट होय. त्यातील भूमिकेसाठी सिसी स्पेसेक यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा ऑस्कर मिळाला. पॅट्सी क्लाइन यांच्यावरील ‘स्वीट ड्रीम्स’ (१९८५) मध्ये जेसिका लँग यांनी मुख्य भूमिका केली. हे दोन्ही चित्रपट प्रत्यक्षात यशस्वी झालेल्या गायिकांचे चरित्रपट असल्यामुळे त्यांचा शेवट प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतो. वाइल्ड रोझची नायिका काल्पनिक असल्याने तिच्या यशाची खात्री नसते आणि कथेचा ताण त्यामुळे टिकून राहतो.

याच सुमारास आलेला डायेन पॅरागस दिग्दर्शित ‘यलो रोझ’ (२०१९) हा अल्पखर्चातील अमेरिकी चित्रपट विषयाने जवळचा आहे. टेक्सासमध्ये कागदपत्रांविना राहणाऱ्या फिलिपिनो कुटुंबातील मुलीची कंट्री गायिका होण्याची धडपड त्यात आहे. ईव्हा नोबलझाडा यांनी तिची भूमिका केली आहे. दोन्ही चित्रपटांच्या नायिका या संगीताच्या रूढ प्रतिमेत न बसणाऱ्या आहेत आणि दोघींनाही कायद्याच्या बंधनांशी झुंजावे लागते.

प्रदर्शन आणि प्रतिसाद

टोरोंटोनंतर चित्रपट लंडनसह इतर महोत्सवांत दाखवण्यात आला. ब्रिटनमध्ये एंटरटेनमेंट वन या कंपनीने, तर अमेरिकेत निऑन या कंपनीने त्याचे वितरण केले. अमेरिकेत तो २१ जून २०१९ पासून प्रदर्शित झाला.

समीक्षकांचा प्रतिसाद मोठ्या प्रमाणावर अनुकूल होता. बकली यांचा अभिनय आणि आवाज, वॉल्टर्स यांच्याबरोबरचे त्यांचे प्रसंग आणि गाण्यांची निवड यांची विशेष प्रशंसा झाली. सामान्य घरातील गुणी व्यक्ती आणि तिचे मोठे स्वप्न हा कथेचा ढाचा परिचयाचा असल्याचे काहींनी नोंदवले, मात्र शेवटाकडे चित्रपट त्या ढाच्याला वेगळे वळण देतो, याचीही दखल घेतली गेली.

पुरस्कार

बाफ्टा स्कॉटलंड पुरस्कारांत २०१९ साली वाइल्ड रोझला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. त्याच सोहळ्यात जेसी बकली यांना चित्रपटातील सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा, तर निकोल टेलर यांना लेखनाचा पुरस्कार देण्यात आला. ब्रिटिश इंडिपेंडंट फिल्म पुरस्कारांत चित्रपटाला अनेक नामांकने मिळाली आणि जॅक अर्नोल्ड यांना संगीताचा पुरस्कार लाभला.

२०२० सालच्या बाफ्टा चित्रपट पुरस्कारांत बकली यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीसाठी नामांकन मिळाले. तो पुरस्कार ‘जुडी’ या चित्रपटात गायिका जुडी गार्लंड यांची भूमिका करणाऱ्या रेनी झेलवेगर यांना मिळाला. ‘ग्लासगो (नो प्लेस लाइक होम)’ या गाण्याला जानेवारी २०२० मध्ये क्रिटिक्स चॉइस पुरस्कार मिळाला. एल्टन जॉन यांच्या जीवनावरील ‘रॉकेटमन’ या चित्रपटातील गाण्यासह तो विभागून देण्यात आला. ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट गीत विभागातील पंधरा गाण्यांच्या प्राथमिक यादीतही ते होते, परंतु अंतिम नामांकनांत त्याचा समावेश झाला नाही.

रंगमंचीय रूपांतर

चित्रपटावर आधारित संगीत नाटक मार्च २०२५ मध्ये एडिनबरा येथील रॉयल लायसियम थिएटरमध्ये रंगमंचावर आले. त्याचे लेखन निकोल टेलर यांनीच केले आणि दिग्दर्शन जॉन टिफनी यांनी केले. रोझ-लिनची भूमिका स्कॉटिश अभिनेत्री डॉन सीव्हराइट यांनी साकारली. चित्रपटात छोट्या क्लबपुरती आणि घरापुरती असलेली गाणी या निमित्ताने स्कॉटलंडच्याच रंगमंचावर, प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर सादर झाली.